मघाचाच द्या

कात्रीला धार लावून घ्यायला मी दुकानात थांबले होते. माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं खिशात ठेवायचा घडीचा चाकू बघत होतं.

"अगं, हा उघडून बघ."

"मी कशाला? राहणार तुमच्याच खिशात."

"बघ तर खरं."

"नखसुद्धा शिरत नाही. तुमचा जुना काय वाईट होता?"

"तोही असाच घट्ट. तू उघडलायस कधी?"

"वेळ कुठे आली? सफरचंद तुम्ही कापता, पार्सलं तुम्ही फोडता. दोरा काय, मी दातानेच तोडते."

"दात राहिलेत कुठे आता? अहो, जरा सैल दाखवा. हिचा अंगठा दुखतो."

"हा घ्या काका. एका बोटाने उघडतो. मिटताना हा खटका दाबायचा."

"हं, उघड. आता मिट. अगं, बोट मध्ये नको! शाबास. परत एकदा."

"परीक्षा घेताय होय माझी?"

"सोमवारी मी ॲडमिट झालो की पार्सलं कोण फोडणार?"

"साधं ऑपरेशन आहे, लगेच सोडतो, म्हणालेत ना डॉक्टर?"

"म्हणालेत. तरी असू दे तुझ्याजवळ."

"नको मला हा."

"काय झालं? छान जमतंय की तुला."

"दादा, हा ठेवून द्या. मघाचाच द्या, तो घट्ट."

"काकू, तो तुम्हाला उघडायचा नाही."

"नकोच उघडायला. घरी आले की हे उघडतील."