आत कोण ऐकतंय?

मुलगा: बाबा, हात लावू नका त्या सर्व्हरच्या पेटीला! आत कुणीतरी शिरलंय.

बाबा: पेटीत? उंदीर?

मुलगा: माणूस. इंटरनेटवरून. ताईला परगावी आईची गाणी ऐकता यावीत म्हणून मी राउटरचं दार सरळ बाहेर उघडून ठेवलं, ती माझी घोडचूक. सकाळपासून दोनशे अनोळखी लोकांनी पासवर्ड घालून बघितलाय.

बाबा: बघेनात का. चुकला की जातील परत.

मुलगा: एकाचा चुकला नाही. आत्ता, या क्षणी, आईची अंगाई ऐकतोय. नोंदीत दिसतंय ना, रोज दुपारी येतो, तेवढीच ऐकतो, दोनदा.

बाबा: मग चोर कसा म्हणायचा त्याला? चोर काय अंगाई ऐकायला येतो?

मुलगा: पासवर्ड मालकाचा आहे, बाबा. तुमच्या लक्षात राहावा म्हणून सगळ्यांना तोच एक. त्यानं मनात आणलं तर एका बोटात आईचा आवाज पुसून टाकेल. टेपा कधीच विरल्या, दुसरी प्रत नाही. सरका, दार लावतो.

बाबा: चार मिनिटं थांब.

मुलगा: का?

बाबा: गाणं संपू दे.

मुलगा: बाबा... पासवर्ड कुणाला दिलात?

बाबा: तू आधी बस.

मुलगा: बाबा!

बाबा: तुझ्या मावशीला.

मुलगा: तिला? शेवटचे सहा महिने आई अंथरुणावर होती, ही एकदा फिरकली नाही!

बाबा: फिरकली होती. दोन बसा बदलून, भर उन्हात. मीच दारातून परत पाठवली. तू शाळेत होतास.

मुलगा: का पण?

बाबा: जुना राग. कशाचा, ते आता धड आठवतही नाही बघ. ती जिन्यात बराच वेळ उभी होती, ते आठवतं. आतून तुझी आई विचारत होती, कोण आलं होतं? म्हटलं, कुणी नाही.

मुलगा: म्हणून आता पासवर्ड दिलात.

बाबा: त्या अंगाईत दुसरा आवाज कुणाचा, कधी विचारलंस?

मुलगा: शेजारीण असेल वाटलं.

बाबा: 'पाळण्याची दोरी बाई, दोघींच्या गं हाती,
एक झोपी गेली, एक जागी सारी राती.'
दुसरी ओळ तिची आहे.

मुलगा: दार लावावंच लागेल, बाबा.

बाबा: लाव. तुझंही खरंच आहे.

मुलगा: पुरतं ऐका. राउटरचं दार बंद. त्याऐवजी फोनपासून पेटीपर्यंत खाजगी बोगदा. ज्या फोनात मी किल्ली घालीन तोच आत येईल, बाकी जगाला नुसती भिंत. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. ऐकता येईल, पुसता येणार नाही. आणि एक प्रत ताईच्या घरी, डिस्कवर.

बाबा: किती किल्ल्या?

मुलगा: ताईची. तुमची.

बाबा: बरं.

मुलगा: संपलं गाणं. लावलं दार... असे काय बघताय? नंबर सांगा तिचा.

बाबा: पाठ आहे. घे.

(फोन लागतो.)

मावशी: भाऊजी? अहो, गाणं दुसऱ्यांदा लागेचना. मी काही भलतंच दाबलं का?

मुलगा: काही नाही दाबलंस, मावशी. मी बोलतोय, धाकटा. तुझ्या फोनात एक किल्ली घालायचीय, मी सांगतो तसं कर.

मावशी: कोण, तू? ...आवाज फुटला की रे तुझा.