त्र्यंबकरावांची कात्री

मंडळी, एक सांगा बरं! देवळात आलात, देव पाहिलात. पण पाहिलंत म्हणजे नक्की काय पाहिलंत? मुकुट? हार? हसू नका, ऐका!

भुसावळात त्र्यंबकराव उपासनी नावाचे गृहस्थ. नाद कसला? कोळशाच्या इंजिनांचे जुने फोटो जमवायचा! सासऱ्यांच्या तेराव्याला गेले आणि भिंतीवरचा इंजिनाचा फोटो घेऊन आले! बायको म्हणाली, "अहो, माणसं रडतायत आणि तुम्ही खिळे काय उपटताय?"

पण एक खोड होती. इंजिनापुढे माणसं उभी दिसली की यांच्या डोक्यात तिडीक जायची. उचलली कात्री — कच्च! हमाल गेले, गार्ड गेला, कुणाची अख्खी वरात गेली! इंजिन आल्बमात, माणसं पाणी तापवायच्या बंबात!

एक दिवस दारात म्हातारी उभी. मैनाबाई सपकाळे.

"भाऊ, पोरानं माही पेटी रद्दीत घातली. त्यात माह्या मालकांचा फोटो होता, इंजिनासंगं. एकच होता हो! आता चेहरा आठवत नाही नीट. रद्दीवाला म्हणे, तुम्ही नेला."

त्र्यंबकरावांना आठवलं — तोच फोटो! इंजिनापुढे तिघे उभे होते — कालच कापले! आणि आज सकाळी त्यांच्यावर आंघोळ झाली! धावले मोरीत, बंबात हात घातला — राख! नुसती राख! कोपरापर्यंत काळे होऊन बाहेर आले आणि ढसाढसा रडायला लागले.

"आजी, मी तुमचे मालक जाळले हो!"

काय वाक्य आहे, मंडळी! बायकोने कपाळावर हात मारला.

म्हातारी म्हणाली, "उरला तेवढा तर दाखवा." फोटो नाकाशी धरला — आणि हसायलाच लागली! पदर तोंडाला लावला तरी हसू मावेना!

"अहो भाऊ, पुढे उभे ते साहेब लोक! माह्या मालकांना कोण पुढे उभं करीन? ते कोळसा टाकायचे! हे काय, वर, भट्टीपाशी!"

त्र्यंबकरावांनी भिंग लावलं. याच भिंगाने काल त्यांनी इंजिनाचा खिळा न् खिळा पाहिला होता! आता बघतात तर — काळ्या इंजिनात काळा माणूस! आपल्या विठोबासारखा! नुसते दात दिसतायत, आणि गडी हसतोय!

"अरे देवा! याला मी ओरखडा समजलो!"

का वाचला हो तो? दिसला असता तर कापला असता! त्र्यंबकरावांना हसावं की लाजावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. फोटो मैनाबाईंच्या हातात दिला. कात्री बायकोने कुठे लपवली, ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

हसलात? छान! आता मला सांगा — मघापासून माझ्या मागे उभा राहून जो टाळ वाजवतोय, त्याचं नाव काय?

बोला!

कुणालाच माहीत नाही? मग देवाचं नाव थोडं थांबेल, मंडळी. आधी याचं विचारा!