बंदराला जहाज लागलं की

तेलाच्या जहाजातून हाजा मबरूकाला एक दिनारही मिळणार नव्हता, तरी आमच्या लिबियन बंदरातल्या पावाच्या रांगेत ती त्याचीच चौकशी करत होती.

"मिफ्ताह, जहाज कधी लागतंय रे?"

"उद्या. मोठं आहे, भरायला दोन दिवस जातील," बेकरीवाला म्हणाला.

"म्हणजे दोन दिवस गोळीबार बंद?"

"बंदच. दोन्ही बाजूंना बंदुका देणारे परदेशी याच तेलाचे गिऱ्हाईक. भरताना कोण गोळी झाडू देईल?"

मागची बाई हसली. "काय हाजा, अंगणात तेलाची विहीर लागली की काय?"

"नाही गं. माझा पोरगा अव्वाद पडलाय पाइपलाइनपाशी. आठवडा होऊन गेला. गोळीबार थांबल्याशिवाय रुग्णवाहिका तिथे जात नाही."

"जखमी आहे?"

"दफन करायचाय."

"माफ कर गं, हाजा. मला ठाऊक नव्हतं." ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली. "आणि पाइपलाइन?"

"ओरखडासुद्धा नाही. तिला धक्का लावायचा नाही, असा दोन्हीकडच्या पोरांना हुकूम होता. एकमेकांना मारायला कुणाची ना नव्हती."

मिफ्ताहने पाव बांधून दिले. हाजा म्हणाली, "जहाज मोठं आहे, बरं झालं. पलीकडच्या आयांनाही आपापली पोरं शोधायला वेळ मिळेल."