मेण घालायच्या आधी

मंडळी, नमस्कार. मागच्यांनी जरा पुढं या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. अशा सभेत माणसं मागंच का बसतात कोण जाणे. अण्णा असते तर एक स्पीकर उचलून मागं नेऊन ठेवला असता.

माझा आवाज आज नीट लागणार नाही, आधीच सांगते. याच हॉलमध्ये, याच स्टेजवर आमच्या ऑर्केस्ट्रात मी कितीतरी वर्षं गायले. लग्नात गायले, हळदीत गायले, लाइट गेली तरी गायले. पण गाणं सोपं असतं हो, शब्द दुसऱ्यानं लिहून दिलेले असतात. आज माझे मला शोधायचेत. आणि समोर अण्णांच्या घरच्या, गंगावैनी बसल्यात. अडखळले तर सांभाळून घ्या.

मल्लिनाथ अण्णांना तुम्ही सगळे ओळखत होता. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. दिवसभर पॉवरलूमच्या मोटरींचं वाइंडिंग करायचे, जळकी तार काढून नवी गुंडाळायचे, आणि संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळायचे. मोटर जळली म्हणून कुणी डोक्याला हात लावून आला, तर अण्णा त्यालाच चहा सांगायला पिटाळायचे. माणूस परत येईपर्यंत मोटर उघडलेली असायची.

आता ही माझ्या शेजारी उभी आहे ती लाल गिटार बघा. ही माझ्या भावाची. दिलीपची.

दिलीपला इथले जुने लोक विसरले नसतील. आमचा लीड गिटारिस्ट. अण्णांचा जिवलग. काविळीनं गेला तेव्हा त्याची तेजू पाळण्यात होती. तेजूनं बापाचा आवाज ऐकलेला नाही. आमच्या आईला ती गिटार डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून तिनं ती दुधनीला मावशीकडं पाठवून दिली. तिथं माळ्यावर, तुरीच्या पोत्यांमागं, ती इतकी वर्षं पडून राहिली. गेल्या वर्षी तेजू म्हणाली, आत्या, बाबांची गिटार मला वाजवायचीय. दुसरी कुठली नको, तीच पाहिजे.

मी ती चादरीत गुंडाळून अण्णांच्या दुकानात नेली. तारा गंजून काळ्या पडलेल्या. मान धनुष्यासारखी वाकलेली. बटणं फिरवली की नुसती खरखर. अण्णांनी चादर उघडली आणि बराच वेळ हात लावला नाही. मग म्हणाले, "ताई, दिलीप लई वाळलाय की."

त्या दिवसापासून ते असंच बोलायचे. गिटारला गिटार म्हणालेच नाहीत. आज दिलीपची मान सरळ केली, म्हणायचे. आज दिलीपच्या पोटातल्या वायरी बदलल्या. मला राग यायचा. मी म्हणायचे, अण्णा, नीट बोला हो, माझा भाऊ आहे तो. तर म्हणायचे, "मग माझा कोण हुता?"



आता एक गोष्ट जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या गिटारमध्ये तारांच्या खाली एक चपटी डबी असते. तिच्यात केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्या डबीला पिकअप म्हणतात. वरच्या तारा हलल्या की ती ओळखते आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज येतो. ती आतली गुंडाळी मेणात बुडवून घट्ट बसवतात. या गिटारची गुंडाळी पहिल्यापासून सैल. त्यामुळं ही तारांचं तर ऐकतेच, पण जवळ तोंड नेऊन माणूस बोलला तर त्याचंही ऐकते. इकडं गिटारशी बोला, तिकडं स्पीकरच्या बॉक्समधून आवाज येतो. नळातून बोलल्यासारखा, लांबून.

दिलीपला हा खेळच सापडला होता. चालू कार्यक्रमात तो गिटार तोंडाजवळ धरायचा आणि बॉक्समधून म्हणायचा, "शोभे, सूर उतरला." अख्ख्या लग्नात ऐकू जायचं. नवरदेवसुद्धा हसायचा. मी रागानं लाल व्हायचे, आणि सूर खरंच उतरलेला असायचा.

पण आवाज मोठा केला की हीच गिटार शीळ घालते. कानठळ्या बसतात. तेजूला स्टेजवर वाजवायची तर मेण घालणं भाग होतं. अण्णांनी बाकी सगळं केलं. तुटलेली गुंडाळी हातानं पुन्हा भरली. मोटर असती तर वार्निश ओतून मोकळा झालो असतो, म्हणाले, पण हिला वार्निश चालत न्हाय, मेणच पाहिजे. मधमाशीचं मेण आणून ठेवलं. आणि घालेनात.

मी विचारलं की कारण तयार. आज ढगाळ हाय. आज मेण खराब लागतंय. आज अमावस्या हाय. मोटरीचं वाइंडिंग करताना कधी अमावस्या बघितली का या माणसानं?

एक दिवस मी दुकानात शिरले तर अण्णा गिटारवर वाकलेले. अ‍ॅम्प्लिफायर चालू. आणि बॉक्समधून त्यांचाच आवाज येत होता, लांबून आल्यासारखा. "दिलीपा, अदी येन?" म्हणजे, दिलीपा, आहेस का रे? असं विचारायचं आणि गप्प राहायचं. बॉक्समधून नुसती घरघर यायची. ते ऐकत बसायचे.

मी तिथंच पायरीवर बसले. त्यांनी मला बघितलं, लाजले वगैरे नाहीत. म्हणाले, "ताई, एकदा मेण घातलं की ही बहिरी हुईल. तारा तेवढ्या ऐकंल, माणूस ऐकणार न्हाय. मला आजून थोडं बोलायचं हाय."

मी मेणाचं विचारणं सोडून दिलं. खरं सांगू का, मलाही ते नकोच होतं.

आणखी एक आवाज होता. अण्णांच्या गळ्यात इष्टलिंग असायचं, चांदीच्या डबीत. काम करताना ते वाकले की डबी गिटारला लागायची आणि बॉक्समधून यायचं, टक्. परत वाकले की टक्. वर्षभर बोळातून जाता-येता मी तो टक् ऐकलाय. तो ऐकला की समजायचं, अण्णा कामाला बसलेत.

मग ती दुपार. वैनी आत भाकरी थापत होत्या. दुकानातून शीळ सुरू झाली. थांबेना. वैनींनी आतूनच ओरडून सांगितलं, "अदन्न बंद माडरी," ते बंद करा की. शीळ चालूच. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि हात पुसत रागानंच बाहेर आल्या. अण्णा गिटारवर डोकं टेकून बसले होते. चांदीची डबी तारांवर टेकलेली. वैनींनी आधी बटण बंद केलं. मग अण्णांना हाक मारली.

वैनी, हे सगळ्यांसमोर सांगू का म्हणून मी तुम्हाला सकाळी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सांगा.

अण्णांना माती देऊन आलो. लिंग त्यांच्याबरोबर गेलं, लिंगायतांत जातं तसं. काही दिवसांनी तेजू आणि मी गिटार न्यायला दुकानात गेलो. तेजूनं अ‍ॅम्प्लिफायर लावला, चालू आहे का बघायला. बॉक्समधून तीच घरघर. आणि घरघरीतून आवाज आला. टक्.

मंडळी, मी भुताखेतांची बाई नाही. पण मी आधी अण्णांच्या बसायच्या जागेकडं बघितलं. तेजूनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

मागं वैनी उभ्या होत्या. चहाचे कप ठेवायला वाकल्या होत्या. त्यांच्याही गळ्यात लिंग आहे, तशाच डबीत. ती गिटारला लागली होती. वर्षभर त्यांना आत तो टक् ऐकू यायचा आणि वाटायचं, हे पान्यानं काहीतरी ठोकतायत. हळूच म्हणाल्या, "ह्याला ऐकू येतं व्हय?"

तेजू बोलून गेली. म्हणाली, हो काकू, हिला सगळं ऐकू येतं. आपण बोललेलंसुद्धा.

वैनी खाली बसल्या. म्हणाल्या, "मग माझं त्या दिवशीचं बोलणंबी गेलं आसंल की आत. शेवटचं तेच गेलं. बंद करा म्हणाले मी. आन् त्यांनी केलं."

मी समजूत घातली. वैनी, ती मेलेली वस्तू आहे, तिच्यात काही साठत नाही, आवाज येतो आणि जातो. घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण मला सांगा, वर्षभर ज्या गिटारला अण्णा हाका मारत होते आणि मी पायरीवर बसून उत्तराची वाट बघत होते, तिच्याबद्दल मी हे कुठल्या तोंडानं सांगत होते?

मेण नको, असं माझ्या मनात होतं. दिलीप गेला, अण्णा गेले, निदान हिचे कान उघडे राहू देत. पण वैनींना झोप नाही. कुठं शीळ वाजली, कुकरची जरी असली, तरी त्या दचकतात. काल त्या मला म्हणाल्या, "शोभाताई, मेण घाला. पोरीला वाजवू द्या. तिच्या बापाची हाय, तिनं वाजवलीच पाहिजे. पण त्याच्या आदी मला एकदा बोलायचं हाय. ते शेवटचं राहू नये."

म्हणून आज गिटार इथं आणली. उद्या तेजू अण्णांच्या दुकानात, अण्णांनीच आणून ठेवलेलं मेण वितळवेल. मग ही फक्त तारांचं ऐकेल. दिलीपला हाका मारायच्या त्या अण्णांच्या मारून झाल्यात. माझं म्हणाल तर मला एवढंच विचारायचं होतं की आज सूर उतरला का. ते मी सकाळी विचारून घेतलं.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे, लाल दिवा दिसतोय ना, पण बॉक्सचा आवाज मी पूर्ण खाली केलाय. बाहेर काहीही येणार नाही. वैनी, तेजूनं खुर्ची गिटारजवळ ठेवलीय. तिच्याजवळ तोंड नेऊन हळूच, कन्नडमध्ये बोला, घरी बोलायचात तसं. तुमचं बोलणं तिच्याशिवाय कुणालाही ऐकू जाणार नाही.

बाकीच्यांनी उभं राहा. वैनी, तुम्ही बसूनच बोला.