हात काही खाली येईनात

नाही, दुखण्याची भीती नव्हतीच हो मला! तुम्हाला सांगते, अख्खी रात्र डोळा लागला नाही तो एकाच काळजीनं... लुंबिनी घरी जाऊन सांगेल! चार वर्षांची पोर, पोटात काही राहत नाही तिच्या. आणि सासूबाईंचं ठरलेलं, "पार्लर म्हणजे थेरं! आमी न्हाई गेलो कधी!" पण दिराचं लग्न लातूरला, पांढऱ्या साडीवर बिनबाह्यांचा ब्लाउज शिवून बसले ना मी हौसेनं! मग काखेचं वॅक्सिंग आलंच की!

पार्लरवाली शिल्पा म्हणाली, "ताई, आधी केस तांदळाएवढे वाढू द्या." वाढवले! पंधरा दिवस दोरीवर कपडे वाळत घालताना कोपर अंगाला चिकटवून... हात वर करायची सोय नाही!

लुंबिनीला सोबतच नेलं, ठेवणार कुठं? तोंड बंद ठेवायची कुल्फी कबूल केली, तर कार्टी म्हणते, "एकच?" आत शिरली ती थेट पंख्याखालच्या स्टुलावर, आणि शिल्पा म्हणते, "आली का गं तू?" मला वाटलं, किती लाघवी बाई! तेवढ्यात तिनं पट्टी ओढली... आई गं! सातवीच्या गणिताच्या बाईंचं आडनाव आठवलं मला, जे इतकी वर्षं आठवत नव्हतं!

वर सूचना! "दोन दिवस गरम काही लावू नका, सेंट नको, आणि घाम येऊ देऊ नका." घाम! मे महिन्यात! नांदेडात!

घरी आले, पण हात काही खाली येईनात! भाकरी थापतेय, कोपरं बाहेर. झाडतेय, कोपरं बाहेर. सासूबाईंनी हेरलंच.

"काय गं, कोंबडीवानी पंख पसरून का फिरून राहिलीस?"

"काही नाही, आत्याबाई..."

"काखमांजरी झाली व्हय!"

काखमांजरी म्हणजे काखेतलं गळू! आयतं खोटं चालून आलं, मी मूर्ख, हो म्हणाले! बाईंनी कांदा भाजला, हळद घातली, कढत पोटीस फडक्यात घेऊन समोर उभ्या. "कर हात वर!" आणि काय सांगू, दिवसभर खाली न येणारे हात एका झटक्यात खाली, ते गच्च!

"कर म्हनते ना! शेकल्याबिगर फुटत न्हाई!"

म्हटलं, भाजून घेण्यापेक्षा बोलणी खाल्लेली बरी. "आत्याबाई... पार्लरला गेले होते."

"थेरं! आमच्या वक्ताला..."

तेवढ्यात लुंबिनी म्हणाली, "मम्मी लई रडली, आजी. तुझी मिशी काढली तवा तू नव्हती रडली. आणि तू दोन कुल्फ्या दिल्या होत्या."