पुढचं उद्या, फॉलो करा

...आणि वर मलाच म्हणतात, फसवतोस! तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडली आणि एकदाही दारातून आत डोकावून बघितलं नाही, त्या माझ्या दादाच्या व्हिडिओखाली एक बाई लिहितेय, 'लबाड मेला!' अहो बाई, अर्धं बरोबर आहे तुमचं!

दादा किल्ल्या करायचा. बाजारात एका जिन्याखाली आमचं दुकान, दोघं आत असले तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, एवढं. मी सातवीत शाळा सोडून त्याच्या हाताखाली बसलो. बसलो म्हणजे नुसताच बसलो, हातात फोन. कानस दे म्हणाला की मी म्हणणार, थांब रे, एवढं बघतो. त्याच फोनवर मी त्याचं पेज काढलं. तो कुलपांबद्दल बोलायचा, मी शूट करायचो. चार महिन्यांत एकशे बारा फॉलोअर, त्यातले निम्मे नातेवाईक. दादा म्हणायचा, हजार झाले तरी पुष्कळ, हजार माणसांची दारं उघडतील. मला हजारात कसलं समाधान! म्हटलं, थांब, तुला जगभर पसरवतो.

शेवटचा व्हिडिओ होता कुलपात तुटून अडकलेल्या किल्लीचा. दादा बोलतोय, “तुटलेली किल्ली ओढायची नाही. ठोकायची तर मुळीच नाही. आधी एक काम करायचं...” आणि मी म्हटलं, कट! माझी अक्कल बघा! म्हटलं, दादा, सगळं आजच सांगितलंस तर लोक फॉलो कशाला करतील? अर्धं ठेव.

तो बघतच राहिला. “अरे, दाराबाहेर अडकलेल्या माणसाला उद्या काय उपयोग?”

म्हटलं, तुला यातलं कळत नाही. आणि ऐकलं त्यानं माझं. लहानपणापासून ऐकायचा, तीच त्याची खोड. कॅमेऱ्याकडे बघून लाजत म्हणाला, “पुढचं उद्या. फॉलो करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं तरी कपाट उघडायला गेला, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात छातीला हात लावून बसला, आणि बसला तो बसलाच. चौतीस वर्षांचा. पुढचं उद्या!

मग माझं डोकं फिरलं. फिरलं म्हणजे कसं... लोक भेटायला येतायत, वहिनी आत भिंतीला टेकून बसलीय, आणि मी दारात उभा. या काका, बसा, फोन द्या! माणूस हळहळत एका खिशातून रुमाल काढतोय, दुसऱ्या खिशातून मी त्याचा फोन काढतोय. दादाचा तो शेवटचा व्हिडिओ शेअर, पेज फॉलो, फोन परत खिशात. हजार हवे होते ना त्याला! मावशीनं सगळ्या ग्रुपांवर टाकला, वर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. आमचा न्हावी दोस्त... गिऱ्हाइकाच्या गालाला फेस, गळ्याशी वस्तरा, आणि हा गोड आवाजात विचारतोय, साहेब, एक व्हिडिओ शेअर करता का? कोण नाही म्हणेल?

वहिनी एकदाच बोलली. “भाऊजी, आता इतक्या लोकांनी बघून काय होणार आहे?”

मी काय केलं, तिच्याही फोनवरून शेअर केला.

आणि पसरला हो! चाळीस हजार! चाळीस हजार माणसं दाराबाहेर खोळंबल्यासारखी एकच विचारतायत, आधी काय? आधी काय करायचं? महिना झाला, तुझा उद्या कधी उगवणार? मी लिहिलं, दादा गेला. तर एक विचारतो, कुठं गेला? दुसरा लिहितो, फॉलोअरसाठी सख्ख्या भावाला मारलं यानं. त्याला चांगली सणसणीत शिवी लिहिली... आणि खोडली. कारण जीव नाही घेतला मी, पण बोलणं तर मीच तोडलं ना त्याचं.

मग म्हटलं, पुढचं आपणच करू. इतकी वर्षं शेजारी बसलोय, किती अवघड असणार? काल बाहेरून दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावलं, त्यात किल्ली घातली, मुद्दाम पिळून तोडली, फोन विटेला टेकवून उभा केला आणि सुरुवात केली, नमस्कार, आधी... आधी काय, हो? आधी शेजाऱ्याच्या पकडीनं ओढली. तुकडा आत. मग सुईनं. आणखी आत. मग ठोकली! दादा जे जे नको म्हणाला होता ते सगळं करून झालं, आणि त्याची हत्यारं सगळी शटरच्या आत.

शेवटी पलीकडच्या बाजारातल्या किल्लीवाल्या काकांना बोलावलं. चाळीस वर्षं याच धंद्यात, गिऱ्हाइकांवरून दादाशी कायम भांडण. ते वाकले, कुलपात बॅटरी मारली, च्‌ च्‌ केलं, म्हणाले, तोडावं लागेल. हातोडी उचलली... आणि खाली ठेवली. इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मी रोज बघतो रे तो व्हिडिओ. तुला तर सांगितलं असेल त्यानं. आधी काय करायचं?”

तुम्हाला सांगतो, दादा ते सांगत होता तेव्हा हाताच्या अंतरावर होतो मी. अर्धं मिनिट गप्प बसलो असतो तर कळलं असतं.

म्हटलं, “काका, फॉलो केलंय ना? मीही केलंय. पुढचं उद्या. तोपर्यंत तोडा तुम्ही.”