माती न उपसलेलं देऊळ

ऐका गड्यांनो! आणि जांभया द्यायच्या असतील तर घरी जाऊन द्या. मला मधे तोंड उघडलेलं खपत नाही.

सटवाजी पाथरवट आणि त्याचा धाकटा भाऊ रायाजी दिवे लागल्यावर घरी निघाले. वाट कुठली? आपलीच, टेकडीमागची. तिथं जुन्या काळचं दगडी देऊळ आहे, अर्धंच बांधलेलं. जुने कारागीर कसं बांधायचे, ठाऊक आहे? देऊळ चढेल तशी आत माती भरायची, तिच्यावरून दगड वर न्यायचे, कळस बसला की माती उपसायची. ह्या देवळातली माती कुणी उपसलीच नाही. का? सांगतो, दम धरा.

तर तिथून दगडावर छिन्नी-टाकी चालल्याचा आवाज आला. टक्. टक्. टक्. एवढ्या अंधारात! रायाजी म्हणाला, "दादा, गप चल." पण सटवाजीचा कान पाथरवटाचा ना! दगड बद्द वाजत होता. त्याला राहवेना. ओरडला, "अरे बाबा, आतून चिरलाय तो! घाव घालू नकोस!"

झालं! अंधारात हाकेला ओ द्यायची नसते, ह्यानं तर आपण होऊन सल्ला दिला.

"बरोबर ओळखलंस," आतून आवाज आला. "ये, हात लावून दाखव."

पाय आपसूक वळले हो! मुंडासं कमरेला बांधलं, दुसरं टोक रायाजीच्या हाती दिलं, आणि सटवाजी भिंतीवरून गाभाऱ्यातल्या मातीवर उतरला. बघतो तर माणूस नाही! नुसती टाकी चालतेय! तेवढ्यात माती हलली. घोट्यापर्यंत आली. गुडघ्यापर्यंत आली. कमरेला लागली! खालून कुणीतरी गार हातांनी पाय धरले.

"राया, ओढ! ओढ रे!"

मुंडासं सैल पडलं. धावत्या पावलांचा आवाज लांब गेला.

"माझ्याही धाकट्यानं हेच केलं," खालून भूत बोललं. "मी आत कोरत होतो. देऊळ त्याच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून त्यानं वरून माती लोटली. मग माझी हाडं सापडतील ह्या भ्यानं ना माती उपसली, ना देऊळ पुरं केलं. आज तुला इथं पुरून मी सुटणार होतो. पण तुझाही तसलाच निघाला रे! जा." आणि त्यानं सटवाजीला वर ढकललं.

उजाडताना सटवाजी घरी पोचला. अंगणात रायाजी ऊर बडवत होता, "मी लई ओढलं! दादाला भुतानं नेलं!" शेजारणी सटवाजीच्या बायकोच्या बांगड्या फोडायला बसल्या होत्या.

सटवाजी दारात उभा राहिला. म्हणाला, "भुतानं मला वर काढलं, राया. तू काय केलंस ते सांग सगळ्यांना."



म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका, सख्खा भाऊ सोबत असला तरी. भूत सटवाजीला एका रात्रीत विसरता आलं. भावानं केलेलं मात्र मरेपर्यंत विसरता आलं नाही.